यादीत नसलेली वाडी

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत 'हवामान बदल आणि आजचा तरुण' असा विषय होता. मी नाव दिले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी पडवीत उभी राहून मी भाषण पाठ म्हणत होते आणि समोर आजी सुपात नाचणी पाखडत बसली होती. ध्रुवावरचा बर्फ वितळतो आहे, पांढरी अस्वले बेघर होत आहेत, समुद्राची पातळी वाढते आहे, हे सारे मी हातवारे करून म्हटले. आजीने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग विचारले, "अस्वलांचं खरं असंल पोरी. पण ह्यात इर्शाळवाडीचं कुठं आलं?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले, पण तो प्रश्न काही मनातून जाईना. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. शिकलेल्या नातीला आजीच्या एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर देता येऊ नये, याची लाज वाटली. त्यानंतर ग्रंथालयात बसून आणि सरांना विचारून जे समजले, ते येथे मांडते आहे. मी काही शास्त्रज्ञ नाही. चुकले असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम इर्शाळवाडीविषयी. खालापूर तालुक्यात चौक गावाच्या वरच्या अंगाला, इर्शाळगडाच्या कुशीत ही ठाकर समाजाची वाडी होती. सुमारे ४८ घरे आणि २२८ माणसे. १९ जुलै २०२३ च्या रात्री, लोक निजानीज करत असताना, वरचा डोंगर सुटून वाडीवर आला. २७ जणांचे मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोधकार्य थांबवावे लागले. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे माती उपसणारी मोठी यंत्रे वर नेता आली नाहीत आणि जवानांना कुदळ-फावड्याने उकरावे लागले. मदतीला निघालेल्या नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याने तर ती चढण चढतानाच प्राण सोडला. मी तेव्हा बारावीत होते. आमची वाडी कर्जत तालुक्यातली, पण तीही ठाकरांचीच आणि तशीच डोंगराच्या अंगाला. त्या रात्रीनंतर कितीतरी दिवस आमच्याकडे कोणी धड झोपले नाही.

आता पावसाचा हिशेब पाहू. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत तेथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने सांगितले. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस होतो, म्हणजे पुण्याच्या वर्षाच्या पावसापैकी दोन तृतीयांश पाऊस येथे तीन दिवसांत पडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या मापाने एका गुंठ्यावर तीन दिवसांत पन्नास हजार लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे पाच टँकर एका गुंठ्यात रिकामे केले, असे समजावे.

हे पाणी डोंगरात काय करते? सह्याद्रीचा गाभा काळ्या पाषाणाचा, आणि त्यावर मुरूम व मातीचा थर. पाऊस बेताचा असला तर पाणी मुरते आणि झऱ्यावाटे निघून जाते. तो एकदम आला तर माती पाणी पिऊन जड होते आणि खालच्या पाषाणावरची तिची पकड सैल पडते. पाटा तिरपा ठेवून वाटणात पाणी जास्त घातले, की वाटण जसे खाली घसरू लागते, तसाच हा प्रकार आहे. आजीला मी असेच समजावले आणि तिला ते चटकन पटले.

मग यात हवामान बदल कोठे आला? कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने वातावरणात कर्बवायू साठतो व पृथ्वीची उष्णता अडून राहते. कारखानदारी वाढण्यापूर्वीच्या काळापेक्षा पृथ्वीचे सरासरी तापमान आज एक अंशाहून अधिक वाढले आहे. तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. अरबी समुद्र तापतो, हवेत बाष्प अधिक भरते आणि ते घाटाला अडले की एकदम रिते होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. एखाद्या दरडीकडे बोट दाखवून 'ही हवामान बदलामुळेच कोसळली' असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. डोंगर पूर्वीही कोसळत. परंतु २०१४ साली माळीण, २०२१ साली महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ साली इर्शाळवाडी, अशी ही माळ लागल्यावर स्वस्थ बसणेही शहाणपणाचे नाही.

येथवर झाले विज्ञान. आता न्यायाकडे येऊ. कर्बवायूचा हिशेब माणशी मांडला तर अमेरिकेतील एका माणसाच्या वाट्याला वर्षाला सुमारे चौदा टन येतात, भारतीयाच्या वाट्याला सुमारे दोन टन. त्या दोन टनांतही मुंबईच्या वातानुकूलित घराचा वाटा केवढा आणि आमच्या वाडीवरच्या घराचा केवढा! आमच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा. चुलीला रानातली वाळकी काटकी. बाबा खाली रस्त्यापर्यंत चालतच जातात. ज्याने पाप केले त्याला दंड नाही, आणि ज्याने केले नाही त्याचे घर गाडले जाते. या उलट्या हिशेबाला इंग्रजी पुस्तकांत मोठे नाव आहे. मराठीत आपण त्याला 'हवामान न्यायाचा प्रश्न' म्हणतो. या न्यायाचे तीन प्रश्न आहेत असे मला वाटते. बिघडवले कोणी? सोसते कोण? आणि उपाय ठरवताना विचारले कोणाला?

हे प्रश्न जगभर आमच्या वयाची, किंबहुना आमच्याहून लहान मुले विचारीत आहेत. स्वीडनची ग्रेटा थुनबर्ग पंधरा वर्षांची असताना, २० ऑगस्ट २०१८ रोजी, शाळा सोडून आपल्या देशाच्या संसदेबाहेर फलक घेऊन एकटी बसली. पुढच्याच वर्षी लक्षावधी विद्यार्थी रस्त्यावर आले. आपल्याकडे हरिद्वारच्या रिद्धिमा पांडे हिने २०१७ साली, अवघ्या नवव्या वर्षी, सरकार हवामान बदलाबाबत पुरेसे काही करीत नाही म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अर्ज केला. २०१३ साली उत्तराखंडात आलेल्या महापुराने ती हादरून गेली होती. तिचा अर्ज २०१९ साली फेटाळण्यात आला, पण ती थांबली नाही. त्याच वर्षी ग्रेटासह जगातील सोळा मुलांनी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीकडे तक्रार नेली, त्यात ती होती. तीही तक्रार २०२१ साली दाखल करून घेतली गेली नाही. आधी आपापल्या देशातील न्यायालयांत जा, असे समितीने सांगितले.

वाचक म्हणतील, मग मिळवले काय? मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण २१ मार्च २०२४ रोजी माळढोक पक्ष्यासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ या कलमांत आहे, असे मान्य केले. हा खटला रिद्धिमाचा नव्हता. परंतु नऊ वर्षांच्या मुलीने मांडलेला प्रश्न पोरकट नव्हता, एवढे त्यावरून सिद्ध होते.

मला सर्वांत जवळची वाटली ती ओडिशाची अर्चना सोरेंग. ती खडिया या आदिवासी जमातीची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ती शिकली. जुलै २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी हवामान प्रश्नावर सल्ला देण्यासाठी जगभरातून सात तरुण निवडले, त्यांत तिचे नाव होते. तिचे सांगणे असे की, जंगल राखणाऱ्या आदिवासींचे ज्ञान आणि त्यांचे जमिनीवरचे हक्क यांना सोडून हवामानाचा प्रश्न सुटणार नाही.

हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमची दळी आली. रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दळी म्हणजे डोंगरउतारावरची, नाचणी-वरी पिकवण्यासाठी इंग्रजांच्या काळापासून ठाकर-कातकऱ्यांना कसायला दिलेली वनखात्याची जमीन. दरडीचे भय आहे तर वाडी खाली हलवा, असे सांगणे सोपे आहे. पण खाली गेल्यावर दळीचे काय? रानातल्या कंदमुळांचे, गुरांच्या चाऱ्याचे काय? इर्शाळवाडीतून वाचलेल्यांसाठी सिडकोने चौकजवळ पक्की घरे बांधली, ही चांगलीच गोष्ट झाली. तथापि घर म्हणजे केवळ भिंती आणि छप्पर नव्हे, त्याला पोटाचाही आधार लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने दळीवर आणि सामूहिक वनावर दावा करता येतो, आणि तो दावा प्रथम ग्रामसभेपुढे येतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने २००९ साली असा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे, 'विचारले कोणाला' याचे उत्तर देण्याची वाट कायद्यात आहे. तीवर चालणारे मात्र हवेत.

आणखी एक गोष्ट मला फार लागली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. हे शासनानेच दुसऱ्या दिवशी विधानसभेत सांगितले. म्हणजे ती वाडी मातीखाली जाण्याआधी कागदावरही नव्हती! कागद हा आपला, शिकणाऱ्यांचा प्रांत. आजीला डोंगर वाचता येतो, मला कागद वाचता येतो. दोन्ही एकत्र आले तर काही करता येईल, असे मनात आले.

म्हणून गेल्या उन्हाळी सुट्टीत मी आणि माझ्या दोन चुलत भावांनी घरोघर जाऊन वाडीची यादी केली. घरे किती, माणसे किती, न चालवणारी म्हातारी किती, तान्ही मुले किती. आजीने वरच्या अंगाची भेग दाखवली. झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी येऊ लागले, झाडे वा खांब कलले, दारे चौकटीत अडकू लागली, तर डोंगर हलतो आहे असे समजावे, हे तज्ज्ञ सांगतात. आजीला यातले झऱ्याचे आणि झाडांचे पूर्वीपासून ठाऊक होते. कोणी विचारले नव्हते इतकेच.

सरळ बाजूंचा तेलाचा डबा कापून त्यात पट्टी लावून आम्ही पर्जन्यमापक केला. रोज सकाळी आठ वाजता वहीत आकडा लिहायचा. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या पुढे पाऊस गेला तर हवामान खाते त्याला अत्यंत मुसळधार म्हणते. वाडीच्या बैठकीत ठरले की आपण तितकी वाट पाहायची नाही. डब्यात दीडशे भरले, की म्हातारी-पोरे घेऊन खालच्या शाळेत निजायला जायचे. गेल्या पावसाळ्यात दोनदा गेलो. दोन्ही वेळा काही झाले नाही. काही लोक हसले. बाबा म्हणाले, "हसू दे. हसायला माणूस जिता लागतो."

ही यादी, भेगेचे चित्र आणि वहीची नक्कल जोडून मी तालुक्याच्या एका कार्यालयात अर्ज दिला. तेथील गृहस्थांनी विचारले, "तुमच्या वाडीचं नाव धोक्याच्या यादीत आहे का?" मी म्हटले, "साहेब, नाही. त्यासाठीच तर अर्ज आहे." त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि पोच दिली. ती पोच मी वहीत चिकटवून ठेवली आहे. पाहणीला अद्याप कोणी आलेले नाही. या महिन्यात पुन्हा जाणार आहे आणि या वेळी आजीही बरोबर येणार आहे.

वक्तृत्व स्पर्धेतल्या भाषणात मी तरुणांना जग वाचवण्याचे आवाहन केले होते. आज तसे म्हणवत नाही. एवढेच म्हणते की, कर्जत-खालापूरच्या डोंगरांतून या महाविद्यालयात येणारे आपण पुष्कळ जण आहोत. येत्या सुट्टीत प्रत्येकाने आपापल्या वाडीची यादी करावी, एक डबा लावावा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना डोंगराविषयी विचारावे आणि ते लिहून काढावे. अर्ज कसा लिहायचा ते माझ्याकडे आहे. ज्याला हवा असेल त्याने मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यावे, मी तेथेच असते.