तिकीट माणसाचे की आसनाचे?

कात्रजहून लोहगाव विमानतळ गाठून स्वस्त तिकिटावर दिल्लीस जाऊ पाहणाऱ्या अतिस्थूल प्रवाशापुढे एक विचित्र हिशेब उभा राहतो. साध्या वर्गातील आसनाची रुंदी जेमतेम १७-१८ इंच. त्यात देह मावला नाही, तर शेजारचे आसनही विकत घ्यावे लागते. पट्ट्याला जोडावयाचा वाढीव तुकडा मागितल्यास मिळतो. पण त्याने पट्टा लांबतो, आसन रुंदावत नाही. कमी गर्दीच्या वारी, बरेच आधी दोन आसने घेणे, एवढाच उपाय खिशाच्या आवाक्यात उरतो.

प्रश्न तत्त्वाचा आहे. सामोआ एअरने २०१३ साली वजनावर भाडे आकारले. उलट, स्थूलतेमुळे अपंगत्व आलेल्यांना देशांतर्गत प्रवासात ‘एक माणूस, एक भाडे’ हा न्याय लावण्याचा आदेश कॅनडाच्या परिवहन प्राधिकरणाने २००८ मध्ये दिला. आपण निदान अर्थशास्त्राचा साधा नियम तरी पाळावा. विमान भरलेले असेल, तर दुसऱ्या आसनापायी कंपनीचे एक भाडे बुडते, हे मान्य. परंतु आसने रिकामीच उडणार असतील, तर तिचे नुकसान जवळजवळ शून्य. अशा वेळी दुसऱ्या आसनाचे पैसे परत करण्याचा नियम सरकारने करावा. जे नुकसान झालेच नाही, त्याची भरपाई गरजू प्रवाशाकडून घेणे हा व्यापार नव्हे, दंड होय.