दिनकर बळवंत देवधर
प्रा. दिनकर बळवंत देवधर (१४ जानेवारी १८९२ – २४ ऑगस्ट १९९३) हे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील अग्रगण्य भारतीय क्रिकेटपटू, महाराष्ट्र संघाचे कर्णधार आणि पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांच्या वाट्याला एकही अधिकृत कसोटी सामना आला नाही.

त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द १९११ ते १९४६ अशी पस्तीस वर्षांची. एवढ्या काळात त्यांनी ८१ सामने खेळून ४५२२ धावा केल्या, म्हणजे वर्षाला सरासरी जेमतेम दोन-तीन सामने. त्याच सुमारास स्कॉटलंडमधील व्यावसायिक फुटबॉलपटू क्लबाच्या वेतनावर संपूर्ण हंगाम खेळत असे. भारतात अशी व्यवस्था नव्हती. काही खेळाडूंना संस्थानिकांचा आश्रय मिळे. देवधरांसारख्यांना अध्यापन सांभाळून खेळावे लागे. रणजी करंडक स्पर्धा १९३४ मध्ये सुरू होईपर्यंत मुंबईची चौरंगी स्पर्धा हेच मोठे व्यासपीठ होते. तीत हिंदू, पारशी, मुस्लिम व युरोपियन असे धर्म-वंशावर आधारलेले संघ उतरत. देवधर हिंदू संघातून खेळत.

१९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी. संघ भारतात आला. मुंबईत हिंदू संघाकडून सी. के. नायडू यांनी त्याच्याविरुद्ध १५३ धावा केल्या. त्याच डिसेंबरात बॉम्बे जिमखान्यावर अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या आणि यजमानांना पहिल्या डावात आघाडी मिळाली. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या तोडीचे आहेत, हे या दौऱ्याने दिसून आले. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली. त्या वेळी देवधर चाळीस वर्षांचे होते. संघात त्यांचा समावेश नव्हता. ज्यांच्या खेळाने कसोटीचे दार उघडण्यास हातभार लावला, त्यांनाच आत प्रवेश मिळाला नाही, असे म्हणणे वावगे ठरू नये.

त्यांचा खरा बहर मात्र त्यानंतरचा. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० मध्ये संयुक्त प्रांताला व १९४०-४१ मध्ये मद्रासला अंतिम सामन्यात हरवून सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागे. त्यामुळे धावांचा डोंगर रचणे हीच जिंकण्याची वाट होती, आणि देवधरांनी ती ओळखली होती. १९३९-४० मध्ये विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढल्या हंगामात मुंबईच्या ६५० धावांविरुद्ध महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या. त्यांत पन्नाशीच्या उंबरठ्यावरील कर्णधाराचे २४६ होते. पुढे १९४४ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके (१०५ व १४१) ठोकली.

येथे एक घोटाळा टाळावा. 'महाराष्ट्र' हा संघ १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्याहून जुना आहे आणि राज्याशी तो एकरूप नाही. मुंबई व विदर्भ यांचे संघ वेगळे आहेत. जळगाव व धुळे हे खानदेशातील जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या क्षेत्रात मोडतात. त्यामुळे तेथील होतकरू खेळाडूची वाट देवधरांच्याच संघाकडे जाते. या संघाने पुढे १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठली. तिन्ही वेळा करंडक हुकला.

देवधरांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले. भारत सरकारने देवधरांना पद्मश्री (१९६५) व पद्मभूषण (१९९१) देऊन गौरविले. त्यांच्या नावाची मर्यादित षटकांची आंतरविभागीय देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ च्या हंगामात, त्यांच्या हयातीतच, सुरू झाली.