न्यूटन आपटला, पायलट चालला

ॲपलचा ‘न्यूटन मेसेजपॅड’ हा हातात धरायचा संगणक १९९३मध्ये आला. किंमत सुमारे ७०० डॉलर, आणि दावा मोठा: तुम्ही आपल्या वळणाने लिहा, यंत्र वाचेल. यंत्र भलतंच वाचायचं. पुढच्या आवृत्त्यांत वाचन बरंच सुधारलं, पण तोवर ‘डून्सबरी’ या व्यंगचित्रमालिकेने त्याचं पुरतं हसं करून टाकलं होतं. १९९८मध्ये ॲपलने न्यूटनचा गाशा गुंडाळला.

असंच यंत्र बनवू पाहणाऱ्या जेफ हॉकिन्सने सुरुवात केली ती खिशापासून. शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा त्याने कापून घेतला. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर टिपून घेतल्याचा चक्क अभिनय करायचा! त्यातून १९९६मध्ये ‘पायलट’ आला. त्याची ‘ग्राफिटी’ लिपी, म्हणजे बहुतेक अक्षरं एकाच फटकाऱ्यात, वापरणाऱ्याने शिकायची होती. लोकांनी ती खुशाल शिकली. संगणकाशी जुळणी एका बटणावर, दोन छोट्या सेलवर कित्येक आठवडे. किंमतही निम्म्याहून कमी.

न्यूटन अगदीच वाया गेला नाही म्हणा. त्याच्या चिपसाठी ॲपलने १९९०मध्ये एआरएम या कंपनीच्या स्थापनेत पैसा घातला होता. आजच्या जवळपास सगळ्या स्मार्टफोनचे प्रोसेसर त्याच घराण्यातले.