गर्भिणीची चाचणी आणि पती

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील जुनी रीत. म्हणून मेहकर वा लोणारच्या सरकारी दवाखान्यात गर्भिणीची एचआयव्ही चाचणी होते तेव्हा सोबत आई असते. पती पुण्याला, नाहीतर सुरतेला. आमच्याकडे गर्भिणी परिचर्येसाठी येणाऱ्या एका भगिनीचा अहवाल निर्दोष होता. प्रसूतीनंतर पती बाधित आढळला. संसर्ग नवा असताना विषाणूंचे प्रमाण फार असते. स्तनपानाच्या काळात तो मातेला जडल्यास बालकासही धोका. सुदैवाने तिची फेरतपासणी निर्दोष निघाली. पतीची चाचणी आम्हांस आधी सुचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे. गर्भाचे पितृज भाव आपण सर्वांनीच पाठ केलेले आहेत!

उपचारांविना बालकास संसर्गाची शक्यता १५ ते ४५ टक्के. नियमित एआरटीने ती ५ टक्क्यांखाली येते. २०१४ पासून बाधित गर्भिणीस हे औषध आजन्म व विनामूल्य मिळते. आपली रसायने त्याच्या जागी देऊ नयेत. पत्नीसाठी शतावरी कल्प न्यायला दुकानी येतो तो बहुधा पतीच. औषधविक्रेत्या बंधूंनी तेव्हाच चाचणीचे विचारावे. मात्र पत्नीचा अहवाल तिच्या संमतीविना त्यास सांगू नये. २०१७ च्या कायद्याचेही तेच सांगणे आहे.

आम्ही आता पहिल्याच चिठ्ठीवर दोघांचीही चाचणी लिहितो. सर्वांनाच लिहीत असल्याने कोणी रागावत नाही.