सुपारी नक्की कोणी दिली?

बीडमध्ये 9 ऑगस्ट 2024ला राज ठाकरे यांच्या ताफ्यासमोर उद्धव ठाकरे गटाच्या कार्यकर्त्यांनी 'सुपारीबाज' म्हणत सुपाऱ्या फेकल्या. दुसऱ्या दिवशी ठाण्यात उद्धव ठाकरे यांच्या ताफ्यावर नारळ आणि शेण आलं. पुढचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे. मला कुतूहल त्या सुपारीचं. अडकित्त्यात कातरली जाणारी, पूजेत गणपती म्हणून बसणारी ही वस्तू शिवी कशी झाली?

पैसे घेऊन केलेल्या कामाला सुपारी का म्हणतात, यावर माहीमच्या कुणा भीमराजाची कथा सांगतात: भर मेजवानीत तो विडा ठेवायचा, उचलेल त्याच्यावर कामगिरी. कथा रंगतदार, पण मला पटत नाही. विडा उचलण्यात मान आहे, पैसा नाही. सुपारीत आधी पैसा.

दुवा शोधायचा तर नारायणगावला जावं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारखेवरून आणि रकमेवरून घासाघीस होते, विसार हातात पडला की सुपारी ठरली. बँडवाले, ऑर्केस्ट्रावाले, नाटकवाले, सगळ्यांची हीच बोली. यंदा सुपाऱ्या कमी आहेत, असं एखादा ढोलकीवाला म्हणाला तर कोणी पोलिसांना फोन करत नाही. ही बोली आली लग्नघरातून. चारचौघांत सुपारी फुटली की सोयरीक पक्की. कागद नाही, सही नाही, तरी मोडायची सोय नाही.

मुंबईच्या टोळ्यांना नेमकं हेच हवं होतं. काम तोंडी ठरावं, आगाऊ रक्कम मिळावी, मागे चिठोरंही राहू नये. नव्वदच्या दशकात खंडणी आणि गोळीबाराच्या बातम्यांनी हा शब्द इतका रुळवला की इंग्रजी वर्तमानपत्रांनीही तो जसाच्या तसा उचलला. श्रीवर्धनच्या सुपारी बागायतदाराचा मात्र यात काडीचा संबंध नाही. त्याच्या बागा 2020च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने आडव्या केल्या, तेव्हा सुपारी म्हणजे त्याचं पोट होतं.

जुलै 2024मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 111व्या कलमात पैसे घेऊन केलेला खून संघटित गुन्हेगारीत स्पष्टपणे नोंदला आहे. कायद्याने सुपारी हा शब्द वापरलेला नाही. तपासात आणि बातम्यांत तोच चालणार.

राजकारणात तो सर्वांत सैल वापरला जातो. तमाशात सुपारी देणारं गाव माहीत असतं, खुनाच्या खटल्यात सरकारी वकिलाला देणारा शोधावा लागतो. सभेत मात्र नुसतं 'सुपारीबाज' ओरडून भागतं. ओरडणाऱ्यांनी निदान देणाऱ्याचं नाव आणि रक्कम तरी सांगावी.