पाळीव कुत्री व मांजरे यांतील लेप्टोस्पायरोसिस : स्वरूप व प्रतिबंध

प्रस्तावना :
लेप्टोस्पायरोसिस हा प्राण्यांकडून मानवाकडे संक्रमित होणारा जिवाणूजन्य रोग आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मि.मी. पाऊस झाला. त्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ उद्भवली आणि 'लेप्टो' हा शब्द घरोघरी पोहोचला. मात्र या रोगाच्या चर्चेत उंदराचा उल्लेख जितका होतो, तितका घरातील कुत्र्या-मांजरांचा होत नाही.

प्रसार :
लेप्टोस्पायरा हा मळसूत्राच्या आकाराचा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात वास्तव्य करतो व मूत्रावाटे साचलेल्या पाण्यात, चिखलात मिसळतो. जखमेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या श्लेष्मल आवरणातून तो शरीरात शिरतो. कोरड्या जागी तो टिकत नाही; म्हणूनच पावसाळ्यात धोका वाढतो.

लक्षणे :
कुत्र्यांमध्ये ताप, उलट्या, अन्नावरील वासना उडणे, अतितहान, स्नायूदुखी व कावीळ ही लक्षणे दिसतात. तीव्र अवस्थेत मूत्रपिंड व यकृत निकामी होते. मांजरे उंदीर खात असूनही क्वचितच आजारी पडतात. परंतु निरोगी दिसणाऱ्या मांजराच्या मूत्रातूनही जिवाणू बाहेर पडू शकतात. अर्थात, लक्षणांचा अभाव म्हणजे संसर्गाचा अभाव नव्हे.

निदान व उपचार :
आजाराच्या आरंभी प्रतिपिंड चाचणी नकारार्थी येऊ शकते; त्यामुळे एक ते दोन आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. पीसीआर चाचणीसाठी आरंभी रक्त व नंतर मूत्र उपयुक्त ठरते. मूत्रपिंडातील जिवाणू नष्ट करण्यासाठी डॉक्सिसायक्लिन सुमारे दोन आठवडे दिले जाते. प्रकृती सुधारताच औषध थांबविल्यास प्राणी रोगवाहक राहण्याची शक्यता असते.

प्रतिबंध :
कुत्र्यांना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने लसीच्या दोन मात्रा व पुढे दरवर्षी एक मात्रा आवश्यक असते. लस तिच्यात समाविष्ट उपप्रकारांपासूनच प्रामुख्याने संरक्षण देते. म्हणून स्थानिक उपप्रकारांचा विचार महत्त्वाचा ठरतो. मांजरांना ही लस सामान्यतः दिली जात नाही. त्यांना शिकारीपासून दूर ठेवणे हाच उपाय उरतो. आजारी प्राण्याचे मूत्र हातमोजे घालून, जंतुनाशकाने स्वच्छ करावे.

निष्कर्ष :
पाळीव प्राणी हा या रोगाचा बळी असतो, तसाच उंदीर व माणूस यांच्यामधील दुवाही ठरू शकतो. भीतीपोटी त्याला घराबाहेर काढल्याने संसर्गाचे मूळ नष्ट होत नाही. कचऱ्याची विल्हेवाट, उंदरांचे नियंत्रण आणि नियमित लसीकरण यांतूनच प्राण्याचे व कुटुंबाचे आरोग्य एकाच वेळी राखले जाते.