पोरक्या कोकराची जोपासना

श्रोतेहो, आज ज्या विषयावर चार शब्द सांगण्याचे मी योजिले आहे, तो ऐकून शहरातील पुष्कळांस नवल वाटेल. आई मेलेले, अशक्त, थंडीने गारठलेले कोकरू घरी आणून कसे जगवावे, हा तो विषय होय. आपल्या घरात कोकरू कोठून येणार, असे कोणी म्हणेल. परंतु पावसाळा सरल्यावर छत्रपती संभाजीनगरातून दौलताबादच्या रस्त्याने अथवा पडेगावच्या माळाकडे जो फिरावयास जातो, त्यास धनगरांचे कळप भेटतात. आज या शेतात तर चार दिवसांनी त्या शेतात, असा त्यांचा मुक्काम हलत असतो. शेतकऱ्यास लेंड्यांचे खत मिळते, धनगरास धान्य अथवा पैसा मिळतो. अशा चालत्या बिऱ्हाडात एखादी मेंढी विताना दगावली, तर तिच्या कोकरासाठी थांबावयास कोणास सवड नसते. मग ते एखाद्या ओळखीच्या घरी सोपविले जाते, किंवा शाळेतून परतणारी मुलेच ते उचलून आणतात. घरात सर्वांची धावपळ उडते, आणि पहिली चूक बहुधा तेथेच होते.

ती चूक मी स्वतः केलेली आहे. सन २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात मोठी गारपीट झाली, ती आपणांपैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या वेळी मी कन्नड तालुक्यातील एका खेड्यात शिक्षक होतो. गावाबाहेर उतरलेल्या कळपातील एक मेंढी गारांच्या माराने मेली, आणि तिचे आदल्या रात्री जन्मलेले कोकरू मुलांनी माझ्याकडे आणून दिले. ते ओलेचिंब होते, मान टाकून पडले होते. मी लगबगीने गाईचे दूध कोमट केले आणि त्याचे तोंड उघडून चमच्याने आत ओतले. पोटात काही गेले म्हणजे जीव तगेल, अशी माझी समजूत. तासाभरात त्याच्या नाकाला फेस आला, आणि पहाटे ते गेले. दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने विचारले, "गुरुजी, तुम्ही तर दूध पाजलं होतं, मग ते मेलं कसं?" पंचवीसहून अधिक वर्षे शिकविण्यात घालविलेल्या मला त्या मुलीस उत्तर देता आले नाही. पुढे एका पशुवैद्यांनी मला ते समजावून दिले. तेच आज आपणांपुढे मांडतो.

निरोगी कोकराच्या अंगाचे उष्णतामान ३९ ते ४० अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे १०२ ते १०४ अंश फॅरनहाइट असते. आपल्या शरीराचे निरोगी उष्णतामान ३७ अंश. परंतु कोकराचे अंग ३७ अंशांच्या खाली उतरले, की त्याच्या जिवाला धोका आहे असे समजावे. यामुळेच नुसता हात लावून आपली फसगत होते. आपल्या हाताला जे बेताचे कोमट लागते, ते कोकरू आतून गारठलेले असू शकते. जन्मतः त्याच्या अंगात एक विशेष प्रकारची चरबी असते. ती जळून त्यास ऊब मिळते. पण हा साठा अवघ्या काही तासांचा असतो. सुमारे पाच तासांत तो संपतो. अंग ओले असेल, वारा असेल, पोटात काही गेले नसेल, तर त्याहूनही लवकर संपतो. अंग थंडावले की आतड्यांची हालचाल मंदावते, चोखण्याची व गिळण्याची शक्ती जाते. अशा वेळी तोंडात ओतलेले दूध पोटात न जाता फुप्फुसात उतरते. माझ्या हातून नेमके हेच घडले होते.

यास्तव पहिला नियम असा, की आधी ऊब आणि मग दूध. कोकरू जुन्या टॉवेलाने खसखसून कोरडे करावे. खोक्यात गवत अथवा गोणपाट अंथरून त्यात ते ठेवावे, आणि गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोहों बाजूंस लावाव्या. त्याच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. तोंड आतून गार लागले व ते बोट चोखीत नसेल, तर दुधाचे नावही काढू नये. थर्मामीटर गुदद्वारात हळूच ठेवून दर अर्ध्या तासाने उष्णतामान पाहावे. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कोकरू जन्मून पाच तासांहून अधिक काळ लोटला असेल आणि उष्णतामान ३७ च्या खाली असेल, तर त्याच्या रक्तातील साखरही संपत आलेली असते. त्यास तसेच शेकले तर झटके येऊन ते मरते. अशा कोकरास शेकण्यापूर्वी ग्लुकोजचे इंजेक्शन पोटात द्यावे लागते, व ते काम पशुवैद्याचेच होय. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचे साहाय्य मागता येते.

कोकरास ऊब आली, ते मान धरू लागले व बोट चोखू लागले, म्हणजे दुसरा नियम येतो, तो चिकाचा. आपण घरोघरी ज्याचा खरवस करून आवडीने खातो, तोच हा चीक. मानवी बालकास रोगप्रतिकारक द्रव्ये आईच्या उदरातच नाळेवाटे मिळू लागतात; कोकरास ती तशी मिळत नाहीत. मेंढीच्या नाळेची घडण अशी आहे, की ती द्रव्ये तिच्यातून पलीकडे जात नाहीत. जन्मानंतर चिकातूनच ती मिळावयाची. तीही केव्हाही नव्हे. कोकराच्या आतड्याचे दार पहिल्या काही तासांत सताड उघडे असते, आणि एका दिवसात ते मिटते. म्हणून जन्मल्यापासून सहा तासांच्या आत पहिला चीक पोटात जावा. वजनाच्या दर किलोस एका वेळी ५० मिलिलिटर, आणि पहिल्या चोवीस तासांत एकंदर २०० मिलिलिटर, असे प्रमाण आहे. दोन किलोचे कोकरू असेल, तर एका वेळी शंभर मिलिलिटर व दिवसातून चार वेळा. नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या मेंढीचा चीक सर्वोत्तम. न मिळाल्यास शेळीचा, तोही न मिळाल्यास गाईचा. चीक उकळू मात्र नये. उकळला की तो थिजून खरवस होतो, आणि ज्यासाठी तो द्यावयाचा ती द्रव्येच नाश पावतात. भांडे गरम पाण्यात ठेवून तो अंगाइतका कोमट करावा. त्याच वेळी नाळेच्या टोकास आयोडीन लावावे, कारण ओल्या नाळेतून रोगजंतू शिरून पुढे सांधे सुजतात.

तिसरी गोष्ट पाजण्याच्या रीतीची. आपण तान्ह्या बाळास मांडीवर उताणे घेतो, म्हणून कोकरासही तसेच घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. कोकरू चार पायांवर उभे असावे, आणि मान किंचित वर ताणलेली असावी, जशी ती आईच्या कासेखाली असते. याचे कारण त्याच्या पोटात आहे. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटास चार कप्पे असतात. कोकरू चोखू लागले की अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हळ आपोआप मिटते, आणि दूध पहिल्या कप्प्यांना वगळून थेट चौथ्यात, खऱ्या पचनाच्या जागी, जाते. म्हणून चमच्याने ओतण्यापेक्षा निपलच्या बाटलीने चोखविणे हितकर. चीक संपला की शेळीचे दूध उकळून, कोमट करून द्यावे. रोज वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतके दूध पहिल्या आठवड्यात पाच-सहा वेळा विभागून द्यावे, पुढे चार वेळा. पोट फुगले अथवा हगवण लागली, तर बहुधा आपल्या मायेचाच अतिरेक झालेला असतो.

दुसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला व वाळलेले गवत पुढे ठेवावे, आणि स्वच्छ पाणी ठेवावे. त्यानेच कोटीपोट वाढू लागते, आणि सहा ते आठ आठवड्यांत, चारा नीट खाऊ लागल्यावर, दूध तोडता येते. धान्य एकदम फार घालू नये. आंत्रविषार नावाचा घातक रोग असल्या हावरट खाण्यातून उद्भवतो. त्याची लस वेळेवर टोचून घ्यावी. गाई-म्हशींचे खनिज मिश्रणही देऊ नये, कारण त्यातील तांबे मेंढीस विषासमान ठरते.

ही सारी खटपट केवळ भूतदयेची आहे, असेही नव्हे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ जातीच्या मेंढ्यांमधील, जुळ्यांस कारण होणारा जनुक दख्खनी मेंढीत उतरविला, आणि 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. जुळ्यांमुळे मेंढपाळाचे उत्पन्न वाढते. परंतु आईचे दूध अपुरे पडल्यास धाकटे कोकरू मागे राहते. तेथे ही बाटलीची विद्या मेंढपाळाच्याही उपयोगी पडते.

आता माझ्या दुसऱ्या कोकराविषयी. सेवानिवृत्त होऊन मी पडेगावात राहावयास आलो, तेव्हा एका डिसेंबरात ओळखीच्या धनगरमामांनी एक पोरके कोकरू माझ्या हाती दिले. या खेपेस मी थर्मामीटर आधी शोधला आणि दूध नंतर. कोकरू जगले. नातवाने त्याचे नाव काळू ठेवले. ते घरभर आमच्या पायांत घोटाळू लागले, रात्री नातवाच्या खाटेखाली निजू लागले, आणि मी कृतार्थ झालो. दोन महिन्यांनी मामांचा कळप त्याच वाटेने परतला, तेव्हा मी काळूला त्यात सोडले. ते मेंढ्यांना पाहून बिचकले, आणि माझ्याच मागे धावत आले. मामा शांतपणे म्हणाले, "गुरुजी, वाचवलंत खरं, पण त्याला मेंढरू व्हायचं शिकवलं नाही."

त्यांचे म्हणणे यथार्थ होते. मेंढी हा कळपाचा जीव. वासाने ओळखणे, मागोमाग चालणे, भिऊन एकत्र होणे, हे ती सजातीयांत राहूनच शिकते. हाताने वाढविलेला नर तर पुढे विशेष धोक्याचा होतो. त्यास माणसाची भीती राहत नाही, आणि लहानपणी जी ढुशी गोड वाटते, तीच मोठेपणी माणसाला आडवे करते. म्हणून कोकरू घरी आणण्यापूर्वीच, कळपात ज्या मेंढीचे पिलू मेले असेल तिच्याकडे ते लावून पाहावे. मृत पिलाचे कातडे पोरक्याच्या अंगावर घालण्याची जुनी रीत मेंढपाळांत आहे. मेंढी आपले पिलू वासाने ओळखते, हे तिचे मर्म. ते न साधल्यास घरी जगवावे. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून शेजारच्या शेळ्यांत अथवा दुसऱ्या कोकरांत त्यास रोज सोडावे, आणि पाजण्याखेरीज उगाच कुरवाळू नये.

काळूसाठी मामा दहा दिवस माळावर थांबले. मी रोज संध्याकाळी त्यास कळपात नेऊन बसत असे, आणि दरदिवशी थोडा लवकर उठून येत असे. दहाव्या दिवशी मी उठलो, तेव्हा काळूने मान वर करून पाहिले आणि पुन्हा चरावयास खाली घातली. नातू त्या रात्री रडला. त्याने विचारले, "आबा, तो आपल्याला विसरला का?" या खेपेस माझ्याजवळ उत्तर होते. मी त्याला सांगितले, की काळूला त्याचे घर मिळाले. एवढे सांगून आज आपली रजा घेतो.